रुपयातलं तिकीट, युरोतला हप्ता

आपल्या मेट्रोचे निम्म्याहून जास्त पैसे जर्मनी आणि फ्रान्सकडून उसने आले. ते फेडायचे कुणी, कशातून आणि कोणत्या नोटांमध्ये? होम लोनचा ईएमआय भरणाऱ्या कुणालाही सहज कळेल अशी ही एका कर्जाची गोष्ट.

११ डिसेंबर २०२२, रविवार. नागपुरात त्या दिवशी उद्घाटनांची नुसती रेलचेल होती. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी बिलासपूरला जाणाऱ्या वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवला, फ्रीडम पार्क ते खापरी असा मेट्रोनं प्रवास केला, मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण केलं, समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला केला आणि एम्सचंही लोकार्पण केलं. शहरभर रोषणाई, चौकाचौकात होर्डिंग्ज आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये किमान एक सेल्फी. त्या सेल्फीत एक गोष्ट मात्र कुणाच्याच आली नाही. ती म्हणजे बिल.

गंमत बघा. एकाच दिवशी, एकाच शहरात दोन मोठे प्रकल्प आपल्या हाती आले आणि दोन्ही कर्ज काढून बांधलेले. पण समृद्धीचे पैसे मुख्यतः देशी बँकांचं कर्ज आणि सरकारी महामंडळांच्या तिजोऱ्या यांतून आले. म्हणजे कर्ज रुपयात, टोलही रुपयात. मेट्रोचं तसं नाही. तिकीट रुपयात आणि कर्जाचा मोठा हिस्सा युरोत. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखालून जाताना एकदा मान वर करून बघा. मधल्या मजल्यावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा ३.१४ किलोमीटरचा उड्डाणपूल, त्याच्या डोक्यावर मेट्रो. खांब एकच, पण मधला मजला रुपयाचा आणि वरच्यात युरोचा भरणा!

तर्री-पोह्याच्या गाडीवर हा विषय निघाला की एक जण हमखास विचारतो, ‘काऊन बे, जर्मनीनं फुकट दिली का मेट्रो?’ दुसरा लगेच म्हणतो, ‘देश गहाण टाकला ना भाऊ!’ खरं उत्तर या दोघांच्या मधोमध कुठेतरी आहे.

कुणी किती दिले?

मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च होता ८,६८० कोटी रुपये. केंद्रानं ऑगस्ट २०१४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात कस्तुरचंद पार्कवर भूमिपूजन झालं. खर्चाची वाटणी साधारण अशी ठरली. केंद्र सरकार २० टक्के, राज्य सरकार २० टक्के, नागपूर महापालिका ५ टक्के, नागपूर सुधार प्रन्यास ५ टक्के आणि उरलेलं कर्ज.

हे कर्ज दिलं दोघांनी. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेनं एप्रिल २०१६ मध्ये ५० कोटी युरोचा करार केला. तेव्हाच्या भावानं ते होतात साधारण ३,७०० कोटी रुपये. फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेनं १३ कोटी युरो दिले. बेरीज केली तर एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त रक्कम युरोपातून आली.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही बँक काही थेट बर्डीत येऊन पैसे देत नाही. परदेशी सरकारी कर्ज घेतं भारत सरकार आणि तिथून ते प्रकल्पाकडे येतं. म्हणजे आपल्या भाषेत, कर्जाच्या कागदावर सही वडिलांची आणि गाडी चालवणार मुलगा. वडिलांची पत चांगली, म्हणून व्याज कमी. पण उद्या मुलाचा हप्ता चुकला, तर बँक कुणाचं दार ठोठावणार हेही आलंच!

एवढी माया कशासाठी?

कुठली तरी परदेशी बँक आपल्याला स्वस्तात पैसे का देते? केएफडब्ल्यूचा जन्मच मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी बेचिराख झाला. तो पुन्हा उभा करायला अमेरिकेच्या मार्शल प्लॅनचे पैसे आले आणि ते वापरायला १९४८ मध्ये ही बँक निघाली. म्हणजे नागपूरला कर्ज देणारी बँक स्वतः परक्यांच्या पैशावर उभी राहिलेली. पुढे जर्मनी श्रीमंत झाला आणि घेणारी बँक देणारी झाली.

अर्थात हा काही दानधर्म नाही. अशा संस्थांना आपल्या देशाचं वजन वाढवायचं असतं, पर्यावरणाची उद्दिष्टं गाठायची असतात आणि जमलं तर आपल्या कंपन्यांना कामही मिळवून द्यायचं असतं. आपल्या मेट्रोच्या सल्लागारांच्या गटात सिस्ट्रा आणि इजिस या फ्रेंच कंपन्या होत्या. पण डबे बघा. ६९ डब्यांचं ८५१ कोटींचं कंत्राट गेलं चीनच्या सीआरआरसीला. पैसे युरोपचे, डबे चीनचे, गाडी नागपूरची! याचा अर्थ असा की ‘माल आमच्याच देशातून घ्या’ अशी सरसकट अट इथं नव्हती.

सगळीकडे असं नसतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपाननं देऊ केलेलं कर्ज आठवतं? व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेडीला सुट्टी. आपल्या क्रेडिट कार्डवाल्यानं असं काही ऑफर केलं तर आपण फोन कट करू, फ्रॉड समजून. पण जपानचा हिशेब सरळ आहे. कर्जाबरोबर शिंकान्सेनचं तंत्रज्ञान येतं आणि जपानी कंपन्यांना काम मिळतं. व्याजात सोडलेलं मालाच्या किमतीत वसूल होऊ शकतं. झिरो पर्सेंट ईएमआयवर टीव्ही घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अटी नेहमी वाईटच असतात का?

‘परदेशी बँकांच्या अटी’ म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या पडतात. पण मुंबईतलं एक उदाहरण ऐका. २००२ मध्ये वर्ल्ड बँकेनं मुंबईच्या वाहतूक प्रकल्पासाठी ५४.२ कोटी डॉलर मंजूर केले. लोकल रेल्वेबरोबर त्यात सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी हे दोन जोडरस्तेही होते. या सगळ्यासाठी एक लाखाहून जास्त माणसांना घरं आणि दुकानं सोडावी लागणार होती.

पुनर्वसनावरून कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ मध्ये थेट वर्ल्ड बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. कुठं कुर्ला आणि कुठं वॉशिंग्टन! पण तक्रार ऐकली गेली, चौकशी झाली आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले. राज्य सरकारला सुधारणा कराव्या लागल्या. जूनअखेर पैसे पुन्हा सुरू झाले.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की सांताक्रूझ-चेंबूरचा तो रस्ता खुला व्हायला एप्रिल २०१४ उजाडला. कर्ज मंजूर झाल्यापासून तब्बल बारा वर्षं. अटींमुळे छोट्या माणसाला दाद मागायला जागा मिळते, पण अट पाळायची तयारी आधीपासून नसेल तर रस्ताच लटकतो. देशी बँकेचं कर्ज असतं तर कुर्ल्याच्या दुकानदारानं कुठल्या ब्रँचमध्ये तक्रार केली असती?

युरोचा मीटर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एप्रिल २०१६ मध्ये, करार झाला तेव्हा, एक युरो साधारण ७५ रुपयांना होता. डिसेंबर २०२२ मध्ये, मेट्रो पूर्ण झाली तेव्हा, ८७ च्या आसपास. २०२५ मध्ये युरोनं शंभरी ओलांडली. म्हणजे मुद्दल तेवढंच, ५० कोटी युरो. पण रुपयात मोजलं तर जे ३,७५० कोटी होते ते शंभरच्या भावानं ५,००० कोटी झाले. हप्ता न चुकवता कर्ज फुगलं!

घाबरू नका, हा हिशेब ढोबळ आहे. कर्ज एका दिवसात उचललं जात नाही आणि एका दिवसात फिटतही नाही. टप्प्याटप्प्यानं येतं, टप्प्याटप्प्यानं जातं, त्यामुळे प्रत्येक हप्त्याला त्या दिवसाचा भाव लागतो. शिवाय दुसरी बाजूही बघायला हवी. ७५ चा युरो नऊ वर्षांत १०० झाला, म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन टक्के वाढ. समजा युरोतलं व्याज दोन टक्के आहे. दोन्ही मिळून झाले सव्वापाच टक्के. २०१६ मध्ये आपल्याकडे होम लोन साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. म्हणजे युरो एवढा चढूनही हे कर्ज देशी कर्जापेक्षा स्वस्तच पडलं असतं.

मग भीती कसली? भीती ही की हा सव्वातीनचा आकडा आधी कुणालाच माहीत नसतो. त्यात व्याजही फ्लोटिंग असू शकतं. युरोतले फ्लोटिंग दर ‘युरिबॉर’ या दरावर ठरतात. २०१६ मध्ये सहा महिन्यांचा युरिबॉर चक्क शून्याच्या खाली होता आणि २०२३ मध्ये तो चार टक्क्यांच्या वर गेला. करार करताना शून्य बघून खूश झालेल्याचा चेहरा सात वर्षांनी कसा झाला असेल?

कधी नशीब उलटंही फिरतं. मुंबईचा अटल सेतू, २१.८ किलोमीटरचा, बांधला गेला तो जपानच्या जायका या संस्थेच्या येनमधल्या कर्जावर. कर्जाचा पहिला करार मार्च २०१७ मध्ये झाला तेव्हा एक येन साधारण ५८ पैशांना होता. जानेवारी २०२४ मध्ये सेतू खुला झाला तेव्हा ५७ पैशांच्या आसपास. म्हणजे रुपयात मोजलं तर मुद्दल थोडं आटलं. युरोवाल्यांना चटका आणि येनवाल्यांना डिस्काउंट. यात हुशारी कुणाचीच नाही. म्हणूनच याला ‘रिस्क’ म्हणतात.

आणि ही रिस्क कुणाच्या डोक्यावर? राज्य सरकारांपुरतं बोलायचं तर २००५ पर्यंत ती केंद्र उचलायचं. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर एप्रिल २००५ पासून नियम बदलला. राज्यांच्या नव्या प्रकल्पांचं परदेशी कर्ज ज्या अटींवर येईल त्याच अटींवर राज्याकडे जाणार, चलनाच्या चढउतारासकट. वडिलांनी सांगून टाकलं, सही मी करतो, पण बाकी तू बघ.

बेटावरचे एक्स्प्रेस-वे

वडीलच अडचणीत आले तर काय होतं? उत्तरासाठी लांब जायची गरज नाही, शेजारच्या श्रीलंकेकडे बघू. साधारण सव्वादोन कोटी लोकसंख्येचं हे बेट. २०११ मध्ये तिथं पहिला एक्स्प्रेस-वे सुरू झाला, कोलंबोजवळून गॉलपर्यंत. पैसे एशियन डेव्हलपमेंट बँकेचे आणि जपानचे. २०१३ मध्ये कोलंबो-विमानतळ एक्स्प्रेस-वे झाला, चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर. २०२० मध्ये दक्षिणेचा रस्ता हंबनटोटापर्यंत पोचला, तोही चिनी कर्जातून. रस्ते झकास. तिथं फिरून आलेला कुणीही सांगेल.

पण टोल भरला जातो श्रीलंकन रुपयात आणि कर्ज फेडायचं डॉलरसारख्या परक्या चलनात. ते परकं चलन बेटाकडे येतं कुठून? पर्यटन, चहा, कपड्यांची निर्यात आणि परदेशात राबणाऱ्या माणसांचे पैसे. २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, मग कोविड आला आणि पर्यटन आडवं झालं. त्यातच २०१९ मध्ये सरकारनं कर कमी करून ठेवले होते. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. दोनशे श्रीलंकन रुपयांच्या आसपास असलेला डॉलर काही आठवड्यांत साडेतीनशेच्या पुढे गेला. पेट्रोल पंपावर दिवसदिवस रांगा लागल्या. एक्स्प्रेस-वे तयार आणि गाडीत पेट्रोल नाही!

हे सगळं रस्त्यांच्या कर्जामुळे झालं असं म्हणणं मात्र चूक ठरेल. श्रीलंकेवर बाजारातून महाग व्याजानं उचललेल्या रोख्यांचा बोजा मोठा होता. पण धडा पक्का आहे. रस्ता स्वतः डॉलर कमवत नाही. ज्या देशाकडे डॉलर यायची दारं मोजकी, त्यानं डॉलरचं कर्ज काढताना दहा वेळा बोटं मोजावीत. भारताची दारं खूप आहेत आणि परकी गंगाजळी ६०० अब्ज डॉलरच्या वर गेलेली आहे. त्यामुळे नागपूर मेट्रोपायी कुणी देश गहाण टाकलेला नाही. तर्री-पोह्यावाल्या त्या दुसऱ्या भाऊला एवढं सांगायला हरकत नाही.

आणि देणारेही आपणच!

या गोष्टीत एक ट्विस्ट आहे. आपण नुसते घेणारे नाही. मालदीव म्हणजे हनिमूनचे फोटो एवढंच डोक्यात असेल तर हे वाचा. जेमतेम पाच लाख वस्तीचा हा देश. राजधानी मालेला विमानतळाच्या बेटाशी जोडणारा पूल २०१८ मध्ये चीनच्या मदतीनं झाला. मग २०२० मध्ये भारतानं मालेपासून थिलाफुशी बेटापर्यंत पूल आणि रस्ते बांधायला ४० कोटी डॉलरचं कर्ज आणि १० कोटी डॉलरचं अनुदान जाहीर केलं. हे ६.७४ किलोमीटरचं काम ऑगस्ट २०२१ मध्ये ॲफकॉन्स या मुंबईच्या कंपनीला मिळालं.

ॲफकॉन्स हे नाव नागपूरकरांना परकं नाही. गड्डीगोदामचा चारमजली पूल आणि कामठी रोडचा डबल डेकर याच कंपनीचं काम. कर्ज देणारी एक्झिम बँक मुंबईची, बांधणारी कंपनीही मुंबईची. म्हणजे जपाननं बुलेट ट्रेनला जे केलं, तेच आपण मालदीवला करतोय. बर्डीत आपण कर्जदार आणि मालेत सावकार. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक कळतं. देणारा कधीच फक्त मैत्रीपोटी देत नाही आणि घेणाराही फक्त मजबुरीपोटी घेत नाही.

मग फेडतो कोण?

सरळ उत्तर आहे, आपण. पैसे तीन दारांनी जातात.

पहिलं दार तिकिटाचं. मेट्रोत बसलात की थोडं भरलंत. पण जगातल्या बहुतेक मेट्रोंचा रोजचा खर्चच तिकिटातून कसाबसा निघतो, कर्ज फेडायला फारसं उरत नाही. रस्त्याचं तेच काम टोल करतो. समृद्धीवर सुरुवातीला कारला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होते, एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाले.

दुसरं दार तुमच्या फ्लॅटचं. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपुरात मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो सेस लागू झाला. पन्नास लाखांचा टू बीएचके घेतला तर पन्नास हजार रुपये. तुम्ही आयुष्यात मेट्रोत पाय ठेवला नाहीत तरीही! मनीषनगरात पझेशन घेताना बिल्डरच्या माणसानं जो कागद पुढे सरकवला होता ना, त्यातली ती ओळ आता वाचून बघा.

तिसरं दार बजेटचं. तिकीट आणि सेस पुरले नाहीत तर सरकारी तिजोरी. तिथले पैसे मेट्रोकडे गेले की दुसऱ्या कुठल्या तरी कामाला कमी पडतात. हे दार सगळ्यात मोठं आणि तेच सगळ्यात कमी दिसतं.

पण म्हणून प्रत्येक रस्त्यानं नोटा छापल्याच पाहिजेत असंही नाही. २०१९ मध्ये एशियन डेव्हलपमेंट बँकेनं महाराष्ट्रातल्या ३४ जिल्ह्यांमधल्या सुमारे २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलर दिले. या रस्त्यांवर टोल नाही. पण पावसाळ्यात गाव तुटत नाही, कापूस आणि संत्री वेळेत बाजारात जातात, पोरगी कॉलेजला पोचते. ही कमाई कुठल्याच काउंटरवर जमा होत नाही, म्हणून ती नाही असं थोडंच आहे? फक्त हप्ता कशातून भरायचा ते आधी ठरलेलं हवं. नाहीतर ऋण काढून सण.

चौकट : ‘परदेशी कर्ज मंजूर’ ही बातमी वाचलीत की विचारा

• कर्ज कोणत्या चलनात? युरो, येन की डॉलर?
• व्याज फिक्स्ड की फ्लोटिंग?
• पहिली किती वर्षं परतफेडीला सुट्टी आणि तोवर प्रकल्प पूर्ण होईल का?
• चलन महागलं तर फरक कोण भरणार? केंद्र, राज्य की प्रकल्पाची कंपनी?
• माल आणि कंत्राट कुठूनही घेता येईल की देणाऱ्याच्याच देशातून?
• ज्यांची घरं-दुकानं जाणार त्यांनी तक्रार कुठं करायची?

हे प्रश्न आत्ताच का? कारण मेट्रोचा दुसरा टप्पा. ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी रुपये, केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ ची. बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगर या चार दिशांना गाडी जाणार. बुटीबोरीच्या एमआयडीसीत रोज बाइकनं जीव मुठीत धरून जाणाऱ्यांसाठी ही भारीच बातमी आहे. या टप्प्याचं कर्ज फिटेपर्यंत आज नोकरीला लागलेला नागपूरकर रिटायरमेंटचा विचार करायला लागलेला असेल.

होम लोन घेताना आपण चार बँका फिरतो, अर्ध्या टक्क्यासाठी मॅनेजरशी हुज्जत घालतो आणि प्रोसेसिंग फी माफ करून घेतो. हेही कर्ज आपलंच आहे. फरक इतकाच की इथं सही करायला आपल्याला कुणी बोलावत नाही. निदान प्रश्न तरी विचारू या.